बोअरची गाडी एका रात्रीत ३०० फूट जाते, मग बर्फाच्या ड्रिलला ५ वर्षं का लागतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या रानात बोअरच्या गाडीनं एका रात्रीत ३०० फूट काळा दगड फोडला. बर्फ तर दगडाहून कितीतरी मऊ. मग अंटार्क्टिकात तीन किलोमीटर खाली जायला चार-पाच मोसम का लागावेत? मोठी मोटर लावून, नाहीतर तापलेल्या कड्यानं बर्फ वितळवत हे काम उरकत का नाहीत? शिवाय तुम्हाला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून लहानसं आइस कोअर ड्रिल, म्हणजे बर्फाचा सलग दंडगोल (कोअर) कापून काढणारं यंत्र, बनवायचं आहे, तर सुरुवात कुठून करावी?

आधी माझ्या अनुभवाची मर्यादा सांगतो. अंटार्क्टिकाच्या ड्रोनिंग मॉड लँड भागात, किनाऱ्यापासून फार आत नाही अशा ठिकाणी, मी काही मोसम कोअर काढायला होतो. आमचे कोअर उथळ, शंभर मीटरच्या आतले. खोल भोकांबद्दल पुढे जे लिहितो ते तिथं राबलेल्या लोकांसोबत बसून आणि त्यांचे आराखडे बघून शिकलो आहे. पण उथळ असो की खोल, अडचणीचं मूळ एकच असतं. बर्फ कापायला त्रास नसतो. कापल्यावर जो चुरा होतो त्याचं काय करायचं, यात आमचं निम्म्याहून जास्त डोकं जातं. बाकीचं बहुतेक सगळं उत्तर याच एका गोष्टीतून निघतं.

प्रश्नातली एक गाठ मात्र आधी सोडवू. भोक पाडणं वेगळं आणि कोअर काढणं वेगळं. नुसतं भोक हवं असेल तर बर्फात ते दगडापेक्षा झटपट होतं, हा तुमचा अंदाज बरोबर आहे. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब वेधशाळेसाठी २००४ ते २०१० या काळात सुमारे अडीच किलोमीटर खोल अशी ८६ भोकं पाडली गेली. गरम पाण्याचा झोत सोडून एकेक भोक साधारण दोन दिवसांत झालं. त्या भोकांत उरलं पाणी, आणि त्यांना तेच हवं होतं, कारण त्या पाण्यात उपकरणांच्या माळा सोडून ते पुन्हा गोठू द्यायचं होतं. आम्हाला मात्र भोकातून निघालेला माल हवा असतो. तोही सलग, थरांचा क्रम न मोडता, कुठला तुकडा किती खोलीवरचा याच्या नोंदीसह. कारण त्या कोअरमध्ये वर्षावर्षाला पडलेलं हिम असतं, वाऱ्यानं आणलेली धूळ असते, ज्वालामुखींची राख असते आणि बुडबुड्यांत कोंडलेली त्या काळची हवा असते. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातल्या डोम सी इथं युरोपीय देशांच्या एपिका प्रकल्पानं काढलेल्या कोअरनं ८ लाख वर्षांच्या हवेचा इतिहास दिला. त्याच्याजवळच, लिटल डोम सी इथं, जानेवारी २०२५ मध्ये दुसरा कोअर २,८०० मीटरवर तळाच्या खडकापर्यंत पोचला आणि त्यात किमान १२ लाख वर्षं मागे जाणारा बर्फ मिळाला. असा माल भुकटी करून किंवा पाणी करून वर आणला तर हाती काही राहत नाही.

आता तुमच्या बोअरकडे पाहा. खाली हातोडा दगडाची भुकटी करतो आणि गाडीवरचा कॉम्प्रेसर हवेच्या जोरावर ती भुकटी बाहेर फेकतो. रात्रभर रानात जो पांढरा धुरळा उडतो, त्याच्यामुळेच ३०० फूट होतात. हवा कमी पडली की हातोडा स्वतःच्याच भुकटीत रुततो, हे कुठल्याही बोअरवाल्याला विचारा.

बर्फात हीच हवा का नाही वापरत? कारण वरचे साठ ते शंभर मीटर हा घट्ट बर्फ नसतोच. तो असतो फर्न, म्हणजे वर्षानुवर्षं वरच्या भारानं दबत चाललेलं जुनं हिम. पृष्ठभागावर त्याची घनता घनमीटरला ३५० ते ४०० किलो असते. ती ८३० च्या आसपास पोचली की आतल्या हवेच्या वाटा बंद होतात आणि तिथून खाली त्याला बर्फ म्हणायचं. तोवर तो स्पंजासारखा सच्छिद्र असतो. त्यात हवा सोडली तर चुरा घेऊन वर येण्याऐवजी ती आजूबाजूला मुरते. शिवाय कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा तापलेली असते. चुरा ओलसर होतो, भिंतीला चिकटतो आणि तिथंच गोठतो. हवेवर चालणारी ड्रिलं बर्फासाठीही आहेत. भूकंपमापनाचे सुरुंग पेरायला उथळ भोकं हवी असतील तर ती उत्तम काम देतात. त्यांतून कोअर येत नाही, इतकंच.

मग आमचं ड्रिल कसं असतं? ते एका पोलादी केबलवर लोंबतं, रॉड नसतात. तीन किलोमीटर रॉडचं वजन कित्येक टन. ते तिथवर नेणं आणि दर खेपेला जोडत-सोडत बसणं झेपत नाही. केबल करंगळीहून जाड नसते आणि तिच्या पोटातूनच वीज खाली जाते. ड्रिलच्या खालच्या टोकाला गोल कड्यावर बहुतेक वेळा तीन कटर बसवलेले असतात. ते मधल्या बर्फाला हात न लावता त्याच्याभोवती गोल खाच कापत जातात. मधे जो दंडगोल शिल्लक राहतो तो कोअर, आणि तो फिरत्या आतल्या बॅरलमध्ये सरकत वर येतो. या बॅरलच्या बाहेरून पेचदार पट्ट्या वळवलेल्या असतात, त्यांवरून चुरा चढतो. तुम्ही स्क्रू कन्व्हेयर शिकला असालच. माल स्क्रूबरोबर गोल फिरायला लागला की पुढे सरकत नाही. म्हणून बाहेरच्या स्थिर बॅरलच्या आतल्या अंगाला उभ्या खाचा किंवा पट्ट्या देतात, त्यांना अडून चुरा फिरायचा थांबतो आणि वर चढतो. उथळ ड्रिलमध्ये तो कोअरच्या डोक्यावर साठतो, खोल ड्रिलमध्ये पंप त्याला द्रवाबरोबर ओढून वेगळ्या कप्प्यात गाळून ठेवतो.

सगळं केबलवर लोंबत असल्यामुळे आणखी एक पेच येतो. कटर बर्फात रुतले की ड्रिलचं धडच उलटं फिरायला बघतं. ते धरून ठेवायला वरच्या भागात तीन पोलादी पात्यांच्या स्प्रिंगा असतात. त्या भोकाच्या भिंतीला कडेनं चावून बसतात. याला आम्ही अँटीटॉर्क म्हणतो. मोठी मोटर लावण्याच्या तुमच्या कल्पनेचं उत्तर इथं आहे. या पात्या जेवढं पेलतील त्याहून जास्त जोर मोटरला देऊन फायदा नाही, कारण पात्या घसरल्या की केबलला पीळ बसतो आणि मग केबल तोडून नव्यानं जोडण्यात दिवस जातात. आणि तेवढा जोर लागतही नाही. खोल ड्रिलची मोटर कापताना काहीशे वॉट घेते, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढी. तेवढ्यावर ड्रिल मिनिटाला पंधरा-वीस सेंटिमीटर खाली जातं. तीन मीटर बर्फ प्रत्यक्ष कापायला वीस मिनिटं पुरतात.

बॅरल भरलं की कोअर तोडायचा, कारण तळाशी तो अजून मूळ बर्फाला जोडलेला असतो. कटरच्या वरच स्प्रिंगवर बसवलेली तीन नखं असतात, त्यांना कोअर डॉग म्हणतात. खाली जाताना ती दुमडून वाट देतात, वर ओढताना कोअरमध्ये रुततात. केबल गुंडाळणारी विंच ओढते, केबलवरचा ताण काट्यावर चढत जातो, कधी पाचशे किलोंच्या वर, आणि मग एका झटक्यात उतरतो. त्या झटक्यासाठी विंचवरचा माणूस श्वास रोखून असतो. काटा न चढता ड्रिल हलकं वर आलं, तर कोअर खालीच राहिला असं समजायचं.

आता चुऱ्याचा हिशेब. कागद घेऊन माझ्याबरोबर करून बघा. एपिकाच्या घराण्यातलं ड्रिल सुमारे १३० मिलिमीटर व्यासाचं भोक पाडतं आणि त्यातून ९८ मिलिमीटरचा कोअर मिळतो. म्हणजे भोकातल्या बर्फापैकी साधारण ५७ टक्के कोअर आणि ४३ टक्के चुरा. एका मीटरमागे साडेपाच लिटरहून थोडा जास्त घट्ट बर्फ चुऱ्यात जातो. पण चुरा सैल असतो, तो जवळजवळ दुप्पट जागा घेतो. तीन मीटरच्या एका खेपेला तीस लिटरच्या वर चुरा झाला. त्याच बॅरलमधल्या तीन मीटर कोअरचं आकारमान किती? साडेबावीस लिटर. म्हणजे चुऱ्याला कोअरपेक्षा मोठी खोली लागते. खोल ड्रिल दहा मीटरहून लांब असतं, त्याचं मुख्य कारण हे. चुऱ्याचा कप्पा भरला की कोअरची बॅरल रिकामी असली तरी वर यावंच लागतं. हट्टानं आणखी अर्धा मीटर कापायला गेलं तर चुरा कटरभोवती दाबून बसतो आणि ड्रिल तिथंच अडकतं.

म्हणून आमच्याकडे नवीन माणूस आला की मी त्याला आधी चुरा हातात घ्यायला लावतो. कटरला धार असेल आणि दर फेऱ्यामागे पुरेशी खोली मिळत असेल तर चुरा जाड्या रव्यासारखा, मोकळा लागतो. मैद्यासारखा बारीक लागला तर कटर बोथट झालाय किंवा कापाची खोली कमी आहे. बारीक चुऱ्याला तेवढ्याच बर्फामागे वीज जास्त लागते, तो दाबून बसतो आणि पेचावर चढत नाही. कापाची खोली ठरवायला कटरच्या मागे लहान टेकू असतात, आम्ही त्यांना शू म्हणतो. त्यांची उंची मिलिमीटरच्या अंशानं बदलली तरी दिवसाचं काम सुधारतं किंवा बिघडतं. ओला चुरा हातात घेतल्याबरोबर कळतो, त्याचा गोळा होतो. असा गोळा झाला की मी काम थांबवतो.

हे मी नुकसान सोसून शिकलो. एका डिसेंबरमध्ये आम्ही किनाऱ्याजवळ काम करत होतो. हवा उणे सहा अंश, वारा पडलेला, चोवीस तास ऊन. तंबूचा पडदा उघडा होता. वर आलेला कोअर मापून पिशवीत भरेपर्यंत ड्रिल स्टँडवर आडवं पडलं होतं आणि बॅरलवर ऊन येत होतं. हातमोज्यातून ते कुणाला जाणवलं नाही. आम्ही ड्रिल खाली सोडलं. भोकातलं तापमान उणे अठराच्या आसपास. कोमट बॅरलला टेकलेला चुरा थोडासा वितळला आणि लगेच गोठला. ४३ मीटरवर मोटरचा आवाज बदलला, अँपिअरचा काटा चढला, मोटर थांबली. ओढलं तर जागचं हललं नाही. अशा वेळी मन म्हणतं, आणखी जोर लावून बघू. तसं करायचं नसतं, केबलचा सांधा निसटला तर ड्रिलच गेलं. आम्ही केबलवर माफक ताण ठेवला, बारीक नळीतून ग्लायकॉल, म्हणजे बर्फ वितळवणारं द्रव, थोडं थोडं ड्रिलपर्यंत सोडलं आणि वाट पाहिली. चौदा तासांनी ते सुटलं. पण ग्लायकॉल लागलेला तो कोअर रासायनिक तपासणीला निरुपयोगी झाला. नोंदवहीत तेवढ्या वर्षांच्या जागी मी रेघ मारली, ती आजही डोळ्यांसमोर येते. त्यानंतर आम्ही सूर्य क्षितिजाजवळ असतो अशा रात्रीच्या वेळीच काम करायचो आणि दर खेपेआधी बॅरल हिमात खणलेल्या चरात गार करून घ्यायचो.

आता वेळेचा हिशेब, म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाचा गाभा. ३,००० मीटरचं भोक, दर खेपेला ३ मीटर कोअर, म्हणजे १,००० खेपा. सुरुवातीच्या खेपा लहान, शेवटच्या खेपा तीन किलोमीटर जाऊन तीन किलोमीटर यायच्या. सरासरी दीड किलोमीटर धरली तरी केबलचा प्रवास १,००० गुणिले ३ किलोमीटर, म्हणजे ३,००० किलोमीटर. विंचचा वेग सेकंदाला एक मीटर धरा. फक्त जाण्या-येण्यातच ८३० तास गेले, म्हणजे न थांबता ३५ दिवस. वर कापण्याचा वेळ, कोअर काढणं, चुरा उपसणं, कटर तपासणं. अंतर्भागातल्या पठारावर ड्रिलिंगचा मोसम दोन महिन्यांच्या आसपास, त्यातले काही आठवडे शिबिर उभारण्यात आणि आवरण्यात जातात. पहिल्या मोसमात तर खंदक खणणं, विंच बसवणं, केसिंग (भोकाच्या आत बसवायचा पाइप) घालणं यांतच वेळ संपतो. तुमच्या बोअरला एक रात्र आणि आम्हाला पाच वर्षं, हा फरक मुख्यतः या खेपांचा आहे. बोअरमध्ये चुरा आपोआप सतत बाहेर येत असतो, इथं प्रत्येक मूठभर चुऱ्यासाठी आख्खं ड्रिल वर आणावं लागतं.

केसिंगचा उल्लेख आला. तुमच्याकडे वरच्या मुरुमात भोक ढासळू नये म्हणून केसिंग घालतात. खोल बर्फात ते फर्नच्या थरात घालतात, पण कारण वेगळं. भोकात द्रव ओतायचा असतो, आणि सच्छिद्र फर्न तो पिऊन टाकेल. द्रव का? बर्फ दाबाखाली हळूहळू वाहतो. तीन-चारशे मीटरपर्यंत कोरडं भोक टिकतं. त्याहून खाली आजूबाजूचा बर्फ भोक मिटवायला लागतो. तीन किलोमीटरवर दाब वातावरणाच्या सुमारे २७० पट असतो, तिथं कोरडं भोक राहूच शकत नाही. म्हणून भोकात बर्फाच्याच घनतेचा द्रव भरायचा, तो उणे ५० अंशांनाही पातळ राहिला पाहिजे, नाहीतर ड्रिल खाली उतरायला वेळ लागतो. १३० मिलिमीटरचं तीन किलोमीटर भोक भरायला जवळजवळ ४०,००० लिटर द्रव लागतो, दोनशे लिटरची दोनशे पिंपं.

असा द्रव सहज मिळत नाही. रॉकेल बर्फाहून हलकं, म्हणून अंटार्क्टिकातल्या रशियाच्या वोस्तोक ठाण्यावर आणि एपिकात त्यात फ्रेऑनच्या कुळातलं जड रसायन मिसळत. ओझोनच्या प्रश्नामुळे तो मार्ग बंद होत गेला. ग्रीनलँडमधल्या जीआयएसपी-२ या अमेरिकन कोअर प्रकल्पात आणि अंटार्क्टिकातल्या जपानच्या डोम फुजी ठाण्यावर ब्युटाइल ॲसिटेट वापरलं. घनता छान, पण नेलपॉलिशसारखा उग्र वास दिवसभर नाकात, आणि रबराच्या सीलांना ते खातं. पुढे ग्रीनलँडच्या नीम शिबिरात एस्टिसॉल नावाचा एस्टर आणला, तो नारळाच्या तेलापासून बनतो. आमच्या कोकणातल्या माणसाला ग्रीनलँडच्या बर्फात नारळ पोचल्याचं ऐकून बरं वाटतं, पण कामाच्या दृष्टीनं तोही तापमान उतरलं की दाटतो. म्हणजे द्रवाच्या बाबतीत प्रत्येकानं आपल्या जागेच्या तापमानाप्रमाणे तडजोड केलेली आहे.

इथवर आलो ते थोडक्यात असं. कापणं स्वस्त, चुरा महाग, खेपा वेळखाऊ, आणि भोक उघडं ठेवायला द्रव लागतो. आता वितळवण्याच्या पर्यायाकडे वळू.

थर्मल ड्रिल, म्हणजे तापलेलं कडं, ही जुनी आणि खरी पद्धत आहे. ग्रीनलँडच्या कॅम्प सेंच्युरीत अमेरिकन लष्कराच्या संशोधन संस्थेनं सुरुवात थर्मल ड्रिलनंच केली होती. पण पाचशे मीटरच्या थोडं पुढे गेल्यावर लायल हॅन्सेन आणि हर्बर्ट उएडा यांनी तेलविहिरींसाठी बनवलेलं विजेवरचं ड्रिल बर्फासाठी बदलून घेतलं आणि १९६६ साली त्याच्या जोरावर १,३८७ मीटरवर तळ गाठला. बर्फाच्या चादरीतून आरपार काढलेला तो पहिला कोअर. त्यांनी पद्धत का बदलली असेल ते आकड्यांत दिसतं. आपल्या त्याच भोकाचा एक मीटर घ्या. कोअरभोवतीच्या खाचेतला ५.२ किलो बर्फ वितळवायचा. उणे ५० पासून शून्यावर आणायला आणि मग वितळवायला मिळून सव्वादोन मेगाज्यूल, म्हणजे ०.६ युनिटच्या वर वीज. कटरनं तोच मीटर कापायला अर्धा किलोवॉट मोटर सहा-सात मिनिटं चालते, म्हणजे ०.०६ युनिटहूनही कमी. दहापट फरक, आणि तिथं प्रत्येक युनिट विमानानं किंवा स्लेजवर आणलेल्या डिझेलचं असतं. शिवाय इतक्या गार बर्फाला तापलेलं कडं लागलं की कोअरच्या कडेनं तडे जातात.

हे सगळं गार बर्फाबद्दल. बर्फ शून्याच्या जवळ असेल, जसा समशीतोष्ण भागातल्या हिमनद्यांत असतो, तर पारडं फिरतं. तिथं कटरचा चुरा ओलाच असतो आणि ड्रिल सारखं अडकतं. तिथं मी स्वतः थर्मल ड्रिल निवडेन. म्हणून ‘सगळ्यात चांगलं ड्रिल कुठलं’ असं कुणी विचारलं की मी आधी बर्फाचं तापमान विचारतो, मग खोली, मग कोअरमधून काय मोजायचं आहे ते. फक्त समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजायची असतील तर चार तडे चालतात. वायू मोजायचे असतील तर तडा गेलेला कोअर फारसा कामाचा नाही. चौथा प्रश्न, सामान तिथवर कसं जाणार? पेरूमधल्या केल्काया हिमटोपीवर, ५,६०० मीटरहून उंच, १९८३ साली लॉनी थॉम्प्सन यांच्या तुकडीनं सौर पॅनेलवर चालणारं ड्रिल वापरलं, कारण जनरेटर वर चढवता येत नव्हता. तो कोअर गोठलेला खाली आणायची सोय नव्हती, म्हणून तिथंच तुकडे वितळवून बाटल्यांतून पाणी आणलं. हवा गेली, पण समस्थानिकं आणि धूळ वाचली. त्या परिस्थितीत तोच निर्णय योग्य होता.

खोल भोकाच्या तळाशी गार बर्फही गरम होतो. पृथ्वीच्या पोटातून येणारी उष्णता तिथं कोंडलेली असते. ग्रीनलँडमध्ये नॉर्थग्रिप या कोअर प्रकल्पाच्या पहिल्या भोकात १९९७ साली ड्रिल १,३७१ मीटरवर अडकलं, ते सुटलं नाही. दुसरं भोक काढून ते २००३ मध्ये ३,०८५ मीटरवर तळाला पोचले, तेव्हा तिथलं पाणी भोकात वर चढलं. त्या शेवटच्या टप्प्यात चुरा वितळून कटरवर पुन्हा गोठत होता. उपाय काय, तर ड्रिलबरोबर इथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण खाली न्यायचं, म्हणजे वितळलेलं पाणी गोठत नाही. एपिकाचंही तसंच. डोम सीचं पहिलं ड्रिल १९९८ च्या डिसेंबरात ७८८ मीटरवर अडकलं आणि तिथंच राहिलं. १९९९-२००० च्या मोसमात नवीन भोक सुरू केलं ते डिसेंबर २००४ मध्ये ३,२७० मीटरवर थांबलं. म्हणजे तुम्ही ऐकलेल्या पाच वर्षांच्या मागे आणखी एक सोडून दिलेलं भोक आहे. अशा ठिकाणी घाई करणारा माणूस मला नको असतो.

वेळ लागण्याचं आणखी एक कारण कोअरच्याच प्रकृतीत आहे. साधारण ६०० ते १,२०० मीटरच्या पट्ट्यात बर्फ ठिसूळ असतो. बुडबुड्यांतली हवा प्रचंड दाबाखाली असते. तो कोअर वर आला की बाहेरचा दाब गेलेला असतो, आणि नुसता हात लागला तरी तो काचेसारखा तडकतो. तो जाळीत गुंडाळून शिबिरातच पुढच्या मोसमापर्यंत विसावू देतात. त्याखाली हवा बर्फाच्या स्फटिकरचनेत शिरलेली असते, तिथं कोअर पुन्हा शहाण्यासारखा वागतो. आमच्या उथळ कोअरला हा त्रास नाही. आमच्याकडे सगळी काळजी वाहतुकीची. प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू दाखवणारा बाण, पिशवीवर खोली, थर्माकोल लावलेली पेटी, जहाजावरचं शीतकपाट, आणि शेवटी गोव्यात वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात उणे २० अंशांची खोली. बाण आखायला विसरलेला तुकडा उलटा की सुलटा हे नंतर कुणी सांगू शकत नाही.

आता तुमचा प्रकल्प. केबलवरचं ड्रिल करायला जाऊ नका. विंच आणि अँटीटॉर्क यांतच वर्ष संपेल. हातानं फिरवायचा ऑगर, म्हणजे पेचदार पट्ट्यांचं साधं ड्रिल, करा. आम्हीही पहिले दहा मीटर बहुधा हातऑगरनंच काढतो. नेहमीचे ऑगर सात-आठ किंवा नऊ सेंटिमीटरचा कोअर देतात, बॅरल एक मीटर. तुम्ही त्याच्या निम्म्या लांबीचं बॅरल घ्या. कटर दोन पुरेत, पण ते तंतोतंत एका उंचीवर बसले पाहिजेत, नाहीतर एकच कटर काम करतो आणि ऑगर हादरतो. कटरचा पुढचा कोन आणि मागची मोकळीक बदलता येईल अशी बैठक बनवा. शूखाली पातळ पत्रे सरकवून कापाची खोली बदलता आली पाहिजे.

चाचणीला अंटार्क्टिका लागत नाही. जवळच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी आणा. मासळी बंदरांजवळ अशा लाद्या हव्या तेवढ्या मिळतात. ती भुसा लावून पोत्यात गुंडाळून आणा आणि शक्य असेल तर एखाद्या शीतगृहात रात्रभर ठेवू द्या. प्रत्येक चाचणीत चार गोष्टी लिहा: लादीचं तापमान, दर फेऱ्यामागे किती मिलिमीटर खाली गेलात, फिरवायला किती टॉर्क लागला, आणि चुरा. चुऱ्यासाठी एक लिटरचं भांडं घ्या, चुरा न दाबता भरा आणि वजन करा. मग तोच चुरा ठोकून दाबा आणि पुन्हा मोजा. या दोन आकड्यांवरून तुमच्या बॅरलमध्ये चुऱ्याला किती जागा ठेवायची ते ठरेल. शूची उंची बदलून हे पाच-सहा वेळा करा. कापाची खोली एका मर्यादेच्या खाली गेली की टॉर्क कमी होण्याऐवजी वाढायला लागेल, कारण चुरा बारीक होऊन अडायला लागलेला असेल. तो बिंदू आलेखावर सापडला की मार्गदर्शकांना दाखवायला तुमच्याकडे खरं काम असेल.

एक सूचना मात्र पाळा. लादी शीतगृहातून काढल्यावर उन्हात ठेवू नका, आणि ऑगरही तिच्याबरोबर रात्रभर गार करा. कोमट ऑगरनं काढलेले आकडे बर्फाबद्दल काहीच सांगत नाहीत. पहिल्या संचाचे आकडे आले की इथं टाका. चुऱ्याचा जवळून काढलेला एक फोटोही जोडा, त्यावरून कटरच्या कोनाबद्दल मला बरंच सांगता येईल.